नाहीबुवांचा उजवा कान

माझे सासरे पियानो जुळवतात. शाळेतला असो, हॉटेलातला असो, की कुणाच्या दिवाणखान्यात फोटोंच्या चौकटी ठेवण्यापुरता उरलेला असो, ते झाकण उघडतात, एक पट्टी दाबतात, उजवा कान पुढे करून मान तिरकी करतात आणि म्हणतात, "नाही." मग तारेची खुंटी किल्लीने केसभर फिरवतात, तीच पट्टी पुन्हा दाबतात आणि पुन्हा म्हणतात, "नाही." हे जेवणाच्या वेळेपर्यंत चालतं. त्यामुळे सगळं शहर त्यांना नाहीबुवा म्हणतं. तोंडावर कुणी म्हणत नाही. दार उघडून आत ओरडतात, "अगं, नाहीबुवा आलेत, चहा टाक!" ते ऐकू येऊ नये इतके काही सासरे बहिरे नाहीत.

कौतुकाच्या बाबतीत त्यांची कमाल मर्यादा "चालेल" ही आहे. तुमच्या मुलीशी लग्न करायचं म्हणतोय, असं मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, "चालेल." मी खट्टू होऊन जिना उतरलो. मागून धावत आलेल्या बायकोने, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या बायकोने, जिन्यातच मला मिठी मारली. "वेड्या, हा शब्द बाबांनी आजवर एकदाच वापरलाय! तोही नाट्यगृहातल्या ग्रँड पियानोला!"

अशा माणसाच्या उजव्या कानात गाठ झाली.

उजव्या म्हणजे कामाच्या. डावा कान ते चष्म्याची दांडी अडकवायला वापरतात. त्याच्यावर विसंबून त्यांनी दाराची बेलसुद्धा कधी ऐकली नसेल.

गाठ कानाच्या भोकाच्या अगदी तोंडाशी होती. सासऱ्यांनी ती कुणालाही सांगितली नव्हती. ती शोधून काढली त्यांच्या सलूनवाल्याने. "साहेब," तो कात्री थांबवून म्हणाला, "हा वाटाणा लहानपणी घातला होता की हल्ली?"

आम्हाला गाठ दिसली नव्हती, पण तिचे परिणाम दोन हिवाळे दिसत होते. आम्ही त्यांचा अर्थ भलताच लावला होता. त्याला कारण सासूबाईंचं गाणं.

सासूबाई स्वयंपाकघरात गायच्या. आवाज गोड, सूर पक्का, पण कुठल्याच गाण्याचे शब्द त्यांना अर्ध्यापलीकडे येत नाहीत. उरलेल्या जागी त्या ओट्यावर दिसेल ती वस्तू बसवतात. त्यामुळे आमच्या घरातल्या विरहिणी "तुजविण सख्या रे, सुनी सुनी ही किसणी" असं आळवतात आणि ते ऐकून खरोखर गलबलून येतं. तर दोन हिवाळ्यांपूर्वी कधीतरी सासूबाईंना कपाटाच्या काचेत नवऱ्याचा चेहरा दिसला. त्यांचं गाणं वरच्या सुराला पोचत होतं आणि सासरे तोंड वाकडं करून उजवा कान दाबून बसले होते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी सासूबाई "चाळणी"वर थांबल्या आणि पुन्हा गायल्या नाहीत.

"सूर उतरला असणार माझा," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "वय झालं. आणि त्यांच्या कानाइतकं कुणाला कळतं?"

त्यानंतर स्वयंपाकघरात फक्त भांडी वाजत राहिली, आणि पूर्वीपेक्षा जरा जास्तच वाजत राहिली. सासरे काही बोलले नाहीत. बोलले असते तरी काय बोलले असते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणी विचारलंही नाही.

सलूनवाल्याच्या शोधानंतर मी सासऱ्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर तरुण, उत्साही आणि कापाकापीची मनापासून आवड असलेले. दिवसभर बहिऱ्या माणसांशी बोलून त्यांचा आवाज कायमचा चढलेला आहे. त्यांनी कानात दिवा घातला आणि "अरे वा!" असं म्हणाले, जे डॉक्टरांच्या तोंडून कधीही ऐकू नये. मग गाठीचा छोटा तुकडा काढून तपासायला लॅबमध्ये पाठवला.

आठवड्याने त्यांनी आम्हाला बोलावलं.

"गोंधळ झालाय!" ते म्हणाले. बाहेर बसलेल्यांनाही कळलं. "लॅबवाले म्हणतात, तुकड्यात स्मूथ मसल आहे. स्मूथ मसल म्हणजे आपल्या हुकमाशिवाय काम करणारा स्नायू. आतड्यात असतो, गर्भाशयात असतो. गर्भाशयात तर त्याच्या गाठी ढिगाने होतात, फायब्रॉइड म्हणतात त्यांना. पण कानात?" ते हसले. "त्याच दिवशी एका बाईंचं फायब्रॉइड तिथे आलं होतं. लॅबच्या मोठ्या बाई रजेवर आहेत, पण त्यांचे सहायक फार काटेकोर. त्यांचं म्हणणं, त्या फायब्रॉइडचा कण तुमच्या डबीत पडला असणार. आणि तुमचा तुकडा..."

"माझा तुकडा?" सासरे म्हणाले.

"गेला."

"कुठे?"

"तेच तर!"

सासऱ्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे मला कानात गर्भाशयाची गाठ झालीय."

"नाही, नाही!" डॉक्टर ओरडले. सासऱ्यांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी नाही म्हटलं होतं, तेही दोनदा.

पुढचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. तुकडा हरवला म्हणजे गाठ कसली ते ठाऊक नाही. साधी असेल, कॅन्सरची असेल. जागा सुजलेली, पुन्हा तुकडा काढा, पुन्हा वाट बघा, त्यात गाठ वाढते आहे. त्यापेक्षा शुक्रवारी मुळासकटच काढू. आजूबाजूची कातडी, कूर्चा, पडदा, सगळं साफ.

"आणि ऐकू येणं?" मी विचारलं.

"डावा आहे की!" डॉक्टर म्हणाले.

सासऱ्यांनी चष्मा काढला, डाव्या कानावरून दांडी सोडवली, चष्मा पुसला आणि पुन्हा तिथेच अडकवला.

घरी आल्यावर ते रडले नाहीत, चिडले नाहीत. किल्ली आणि रबराच्या पाचरी घेऊन बाहेर पडले. शुक्रवारपर्यंत उजवा कान आपला आहे, तेवढ्यात होईल तेवढं शहर जुळवून घ्यायचं, असा त्यांचा बेत होता. शाळेचे दोन्ही पियानो झाले. हॉटेलातला झाला, तिथे लग्नाची मेजवानी चालू होती, तरी झाला. ज्यांनी बोलावलं नव्हतं त्यांचेही झाले. एका बाईंनी "आमच्याकडे पियानो नाही हो," असं सांगितलं, तर त्यांच्या दाराची बेल जुळवून आले. मी गाडी चालवत होतो आणि दर वळणावर ते माझ्या हॉर्नला "नाही" म्हणत होते. सगळी घाई अशी की जणू उद्या शहरात सूर बंद होणार आहेत. रात्री जेवताना त्यांनी चमच्याने पेला वाजवून बघितला, त्यातलं घोटभर पाणी पिऊन टाकलं, पुन्हा वाजवला. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. मलाही भरून आलं होतं, पण पेला आता खरंच सुरात होता.

बुधवारी सकाळी लॅबमधून फोन आला. मोठ्या बाई रजेवरून परतल्या होत्या आणि फार संतापल्या होत्या. "माझ्या लॅबमधून तुकडा हरवत नाही," त्या फोनवर म्हणाल्या. "पेशंटला घेऊन या. ज्यांना काही ठाऊक असेल त्या सगळ्यांना घेऊन या."

मी सासऱ्यांना घेतलं. सासूबाई स्वतःच गाडीत बसल्या.

लॅब म्हणजे तळमजल्यावरच्या तीन लांबट खोल्या. डोळ्यांना झोंबणारा औषधाचा वास, फडताळांत मेणाचे चौकोनी ठोकळे, प्रत्येकात कुणाचा तरी एकेक तुकडा, पोटात खडीसाखर ठेवल्यासारखा. मोठ्या बाई गोल, बुटक्या, एक चष्मा कपाळावर आणि दुसरा नाकावर. समोरच्या बाकावर बाहीला पीठ लागलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्या बेकरीवाल्या, म्हणजे फायब्रॉइडच्या मालकीण.

"यांच्या कानात माझी गाठ सापडली म्हणे," त्यांनी सासूबाईंना विचारलं. "परत करायची असते का हो?"

"दोघांच्या गाठी आपापल्या जागी आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "बाई, तुमच्या गाठीचा डबा मी बघितला, तिचा कुठे कण निघालेला नाही. काका, माझा सहायक हुशार आहे, पण त्याचं एक आहे. पुस्तकात नसलेलं दिसलं की तो म्हणतो, चूक झाली. मी म्हणते, बसा, चहा घ्या, आधी पेशंटला विचारू. ही गाठ दुखते कधी?"

"दुखत नाही," सासरे म्हणाले.

"दुखते!" सासूबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. सासूबाईंनी मान खाली घातली. "म्हणजे, मी गायले की दुखायची. आता मी गात नाही."

सासरे फरशी न्याहाळू लागले.

"आणखी कधी?" मोठ्या बाई पुढे वाकल्या.

"आणखी... फ्रिज उघडला की. थंडीत अंघोळ करून आले की. आइस्क्रीम खाताना मी म्हटलं होतं, दात किडलाय का, तर म्हणाले नाही." सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "म्हणजे फ्रिज, थंडी आणि माझं गाणं. एका माळेत ओवलंय मला."

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. कपाळावरचा चष्मा नाकावर आला, नाकावरचा कपाळावर गेला. "बर्फ!" त्या आतल्या खोलीकडे ओरडल्या. "बर्फाचा खडा आणा!"

खडा आला. बाईंनी तो कापसात धरून सासऱ्यांच्या कानाला टेकवला. त्यांनी "हाय!" केलं आणि अर्धवट उठले.

"छान!" बाई म्हणाल्या. "आता ऐका. आपल्या अंगावरच्या केसाकेसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. स्मूथ मसल. थंडी वाजली की तो आखडतो, केस उभा राहतो, त्याला आपण काटा आला म्हणतो. तोच स्नायू कधीकधी वेड्यासारखा वाढतो आणि त्याची गाठ होते. लायोमायोमा. पाठीवर होते, दंडावर होते. कानाच्या तोंडाशी फारच क्वचित. मी फक्त वाचलंय, बघितली नाही अजून!" शेवटचं वाक्य त्यांनी एखाद्या मुलीने नव्या फ्रॉकबद्दल बोलावं तसं म्हटलं. "काटा आला की ही गाठ सगळीच्या सगळी आवळते, म्हणून दुखते. आणि काटा काही फक्त थंडीने येत नाही."

"भीतीने येतो," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

"येतो. आणखी कशाने?"

सासऱ्यांच्या दोन्ही कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"गाऊन बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "कुणीतरी गा."

बेकरीवाल्या बाईंनी लगेच पाव भाजताना म्हणतात ते गाणं म्हटलं. सासरे ढिम्म. मग मी गायलो. माझं गाणं ऐकून सासऱ्यांना दुखलं, पण ते कानात नव्हे. मोठ्या बाईंनी त्याची नोंद घेतली नाही.

"आता तुम्ही," त्या सासूबाईंना म्हणाल्या.

"नको हो. त्रास होतो त्यांना."

"त्रासच बघायचाय."

सासूबाईंनी घसा साफ केला. दोन हिवाळ्यांचा गंज होता, पहिला सूर जरा घोगरा लागला. मग आवाज मोकळा झाला. विरहिणी निघाली, सख्याला हाका मारू लागली, वर चढली, आणि शब्द संपले त्या जागी सासूबाईंनी फडताळाकडे बघून पूर्ण जीव ओतून म्हटलं, "सुना सुना हा मेणाचा ठोकळा..."

"हाय!" सासऱ्यांनी उजवा कान धरला. डोळ्यांत पाणी.

गाणं थांबलं. सासूबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला काटा यायचा?"

"नाही," सासरे म्हणाले.

"पुन्हा गाऊ?"

"नाही! म्हणजे..." त्यांनी आमच्याकडे मदतीसाठी बघितलं. मी मेणाच्या ठोकळ्यांत रस घेतला. "यायचा," ते म्हणाले.

"आणि मी दोन वर्षं तोंड दाबून भाजी चिरतेय! सूर उतरला म्हणून! बोलायला काय झालं होतं तुम्हाला?"

"तू गायला लागलीस की दुखायचं," सासरे म्हणाले. "थांबलीस, तेव्हा वाटलं, आता बरं वाटेल."

"मग?"

"नाही वाटलं."

बेकरीवाल्या बाईंनी नाक शिंकरलं आणि पिठाची बाही डोळ्यांना लावल्याने त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"हे सगळं फार गोड आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण मी आवाजावर रिपोर्ट लिहू शकत नाही. तुकडा कानातलाच आहे हे मला तुकड्यातच दिसायला हवं. सहायकाने वरवरचेच काप घेतलेत, त्यात नुसता स्नायू. ठोकळ्यात आणखी खोल जाऊ."

त्या स्वतः यंत्रावर बसल्या. सासऱ्यांचा ठोकळा पात्यावर मागेपुढे सरकू लागला आणि मेणाची, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ फीत निघू लागली. ती कोमट पाण्यावर पसरली, काचपट्टीवर उचलली, रंगात बुडवली. तास गेला. शुक्रवार, पडदा, कूर्चा, सगळं त्या तासाभरात बाकावर आमच्या शेजारी येऊन बसलं होतं. सासूबाईंनी सासऱ्यांचा हात धरला होता. सासरे दुसऱ्या हाताने बाकाच्या कडेला टिचकी मारून कान देत होते. मला वाटतं, त्यांनी त्यालाही नाही म्हटलं.

मग सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या मोठ्या बाई हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग स्टूल.

"काका, या! इकडून बघा, हा दुसरा डोळा पाहुण्यांसाठीच आहे. गुलाबी पट्टे दिसतात? तो स्नायू. पेशी बघा कशा आरामात पहुडल्यात. कॅन्सरच्या पेशी बस चुकल्यासारख्या धावत असतात. तुमच्या रविवार असल्यासारख्या लोळतायत. आता कडेला या. हे केसाचं मूळ. आणि त्याच्या शेजारी, ही फुगीर, तपकिरी ठिपक्यांची नळी? ओळखा काय आहे!"

"काय आहे?"

"कानातला मळ तयार करणारी ग्रंथी! अख्ख्या शरीरात एकाच ठिकाणी मिळते. ही गर्भाशयात सापडली तर मी लॅब बंद करून बेकरी काढीन!"

"जागा आहे माझ्याकडे," बेकरीवाल्या बाई म्हणाल्या.

"तुकडा तुमचा, कान तुमचा, गाठ साधी," मोठ्या बाई म्हणाल्या. "मळाने वाचवलं तुम्हाला. आणि काकूंनी."

सासरे बराच वेळ दुसऱ्या डोळ्यातून बघत राहिले. मग मान वर करून म्हणाले, "चालेल."

ग्रँड पियानोनंतर मी, आणि माझ्यानंतर ही गाठ. मला जरा लागलं, पण मी ते दाखवलं नाही.

बाईंनी तिथूनच कानाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांचं बोलणं फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू येत होतं. "साधी? नक्की? पडदा काढायचा नाही? कूर्चाही नाही?" मग जरा हिरमुसून, "मग मी शुक्रवारी करू काय?"

"चिमटीएवढी गाठ काढा आणि दोन टाके घाला," बाई म्हणाल्या. "आणि हळू बोला, पेशंटला ऐकू येतं."

शुक्रवारी गाठ निघाली. ऐकणं जसंच्या तसं राहिलं, हे आम्हाला भूल उतरता उतरताच समजलं, कारण सासरे डोळे मिटूनच खाटेजवळच्या टिकटिकणाऱ्या यंत्राला "नाही" म्हणाले.

खरी पंचाईत पुढे होती. टाके निघाले त्या संध्याकाळी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमलो. सासूबाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या, पण गाणं काही निघेना.

"काय झालं, आई?" बायकोने विचारलं.

"आता कळायचं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "गाठ होती तोवर एक बरं होतं. आवडलं की ओरडायचे. आता गाठ नाही आणि माणूस आहे हा असा."

"गाऊन तर बघ."

सासूबाई गायल्या. सख्याला हाका मारल्या, वर चढल्या, "सुनी सुनी ही किसणी"वर तर अशा काही थरथरल्या की माझ्या बायकोने माझा दंड पकडला. सासरे खुर्चीत शांत बसले होते. मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी उजव्या कानाला हात लावला आणि म्हणाले, "हाय."

"खोटं!" सासूबाई झारा घेऊन वळल्या. "खोटं दुखतंय! शाळेतल्या नाटकात झाडाचं काम केलेला माणूस यापेक्षा बरा ओरडेल!"

सासरे ओशाळले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मी बघत होतो. "चालेल" ओठांपर्यंत आलं होतं, पण बायकोच्या गाण्याला ते कमी पडेल हे त्यांनाही कळत असावं. शेवटी त्यांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत गुंडाळली आणि हात दिव्याखाली धरला.

सासूबाईंनी चष्मा लावला. मोठ्या बाई स्लाइडवर वाकतात तशा त्या हातावर वाकल्या. मनगटापासून कोपरापर्यंत एकूण एक केस उभा होता.

मग हात न सोडता, मान न वळवता म्हणाल्या, "जावईबापू, फ्रिज उघडा आहे का बघा बरं जरा."

मी जाऊन बघून आलो. "बंद आहे, आई."

"पंखा?"

"तोही बंद."

"मग ठीक आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या. या वेळी किसणीच्या जागी त्यांनी फ्रिज बसवला.